कपाटाच्या पाठीवरचे पुरावे

चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आधी गोव्यातील जुन्या घरांमध्ये साफसफाई सुरू झाली, की वर्षभर भिंतीला टेकून उभी असलेली कपाटे पुढे ओढली जातात आणि घरात आलेला कोणीतरी विचारतो, ‘हे कधीचे?’ उत्तर बहुधा एकच असते : ‘पोर्तुगीज काळातले.’ पण गोव्यातील पोर्तुगीज सत्ता १५१० ते १९६१ अशी साडेचारशे वर्षे टिकली, त्यामुळे या उत्तरातून काळाविषयी जवळजवळ काहीच कळत नाही. काळ सांगू शकणारी जागा मात्र त्याच क्षणी सर्वांच्या डोळ्यांसमोर आलेली असते, आणि ती म्हणजे कपाटाची पाठ.

डिचोलीला माझ्या आत्याच्या घरी एक शिसवी कपाट आहे. ते तीनशे वर्षांचे असल्याचे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. डिचोलीचा प्रदेश अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगिजांकडे गेला, म्हणून ‘तीनशे वर्षे’ आणि ‘पोर्तुगीज काळ’ या दोन गोष्टींचा मेळ बसतो का, असा प्रश्न मला पुष्कळ वर्षे पडला होता. दोन वर्षांपूर्वी ते कपाट ओढून बाहेर काढले, तेव्हा टॉर्च आणि भिंग घेऊन मी त्याची तपासणी केली.

दर्शनी भागावरून शैली ओळखता येते. सतराव्या शतकातील गोव्याची खास ओळख म्हणजे ‘कोंतादोर’ हे अनेक खणांचे कपाट. सागवानावर आबनूस आणि हस्तिदंत जडवून एकमेकांना छेदणाऱ्या वर्तुळांची नक्षी त्यावर केलेली असे, आणि त्याच्या बैठकीचे पाय कित्येकदा नागकन्येच्या आकाराचे असत. अशी कपाटे आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातही पाहायला मिळतात. पुढे पोर्तुगालचा राजा जुआंव पाचवा (१७०६–१७५०) याच्या काळात गुडघ्याशी फुगून घोट्याशी निमुळते होणारे वळणदार पाय आणि तळाशी गोळा धरलेला पंजा ही फॅशन आली. राणी मारिया पहिली (१७७७–१८१६) हिच्या काळात तेच पाय सरळ, बारीक आणि उभ्या खाचांचे झाले.

मात्र या सनावळीवर फार विसंबू नये, असे माझे मत आहे. लिस्बनमध्ये राजा बदलला म्हणून गोव्याच्या साष्टी तालुक्यातल्या मेस्ताने, म्हणजे सुताराने, आपले नमुने बदलले नाहीत. एखाद्या घरी आलेली खुर्ची पाहून तिच्यासारख्या बारा खुर्च्या गावातच बनवल्या जात, आणि बापाने वापरलेला नमुना मुलगा आणि नातूही वापरत. त्यात एकोणिसाव्या शतकात जुन्या शैलींचे पुनरुज्जीवन करण्याची लाट युरोपात आली. त्यामुळे वळणदार पाय पाहून ‘ही वस्तू अमुक सालाआधीची नाही’ एवढेच खात्रीने म्हणता येते. ती नंतर कधी घडली, हे त्या पायांवरून ठरत नाही. जुन्या सामानाच्या कालनिर्णयातील जवळजवळ प्रत्येक पुरावा असाच एका बाजूचा असतो, आणि ही गोष्ट लक्षात न घेतल्यामुळे बहुतेक चुका होतात.

करवतीच्या खुणांचे उदाहरण पाहा. यांत्रिक गोल करवतीने कापलेल्या फळीवर कमानीसारख्या समांतर रेषा उमटतात, आणि ही करवत सर्वत्र रूढ झाली ती एकोणिसाव्या शतकात. म्हणून पाठीच्या फळीवर मूळच्या कमानी दिसल्या, तर ती अठराव्या शतकातील असण्याची शक्यता जवळजवळ संपते. उलट, दोघांनी ओढायच्या लांब करवतीच्या सरळ, कमी-अधिक अंतराच्या रेषा दिसल्या, तर त्यावरून जुनेपण सिद्ध होत नाही, कारण कोकणपट्टीत हाताने लाकूड कापण्याचे काम विसाव्या शतकातही चालू होते. रंध्याच्या बाबतीतही हेच खरे. न दिसणाऱ्या पृष्ठभागावर बोटे फिरवली की हातरंध्याने सोडलेल्या उथळ पन्हळी जाणवतात, पण त्यातून कारागिराची पद्धत कळते, साल कळत नाही.

स्क्रूचा पुरावा याहून नेमका आहे. हाताने घडवलेल्या जुन्या स्क्रूचे टोक बोथट असते, आटे असमान असतात आणि माथ्यावरची खाच बहुधा मध्यापासून सरकलेली असते. आपोआप लाकडात शिरणारे अणकुचीदार टोकाचे स्क्रू यंत्राने मोठ्या प्रमाणात बनू लागले ते १८५० च्या सुमारास. माथ्यावर अधिकचे चिन्ह असलेला स्क्रू तर १९३० च्या दशकातला. आत्याच्या कपाटाच्या बिजागरीतून मी एक स्क्रू काळजीपूर्वक काढला, तेव्हा तो अणकुचीदार निघाला. परंतु बिजागऱ्या बदलल्या जातात, त्यामुळे तेवढ्यावर निकाल देणे योग्य नव्हते. टॅनिन हे तुरट द्रव्य असलेल्या लाकडात लोखंड आणि ओलावा एकत्र आले, की निळसर काळा डाग पडतो, आणि हा डाग जुन्या खिळ्याची जागा वर्षानुवर्षे दाखवत राहतो. बिजागरीखाली भरलेली जुनी भोके किंवा वेगळ्या आकाराची बिजागरी बसल्याचा ठसा आहे का, हे मी पाहिले. तसे काहीच नव्हते. बिजागरी मूळचीच होती, आणि म्हणून कपाट १८५० च्या आधीचे असण्याची शक्यता फारच कमी झाली.

लाकडाच्या आक्रसण्यातून मिळणारा पुरावा मला सर्वांत सुंदर वाटतो. लाकूड रेषांच्या, म्हणजे खोडाच्या लांबीच्या, दिशेने जवळजवळ आक्रसत नाही, आडव्या दिशेने मात्र आक्रसते, आणि त्यातही वार्षिक वलयांना समांतर दिशेने होणारे आक्रसणे वलयांना लंब दिशेपेक्षा साधारण दुप्पट असते. गोव्याच्या पावसाळ्यात लाकूड फुगते, हिवाळ्यात सुकते, आणि असे दीडशे वेळा घडले की ते मूळ मापावर परतत नाही. म्हणून गोल मेजाचा व्यास दोन दिशांनी मोजला, तर जुन्या मेजात काही मिलिमीटरांचा फरक आढळतो. एका लाकडाचे बारीक केलेले टोक, म्हणजे कुसू, दुसऱ्याच्या भोकात बसवून त्यातून आरपार ठोकलेली लाकडी खुंटी लांबीच्या दिशेने तशीच राहते, तिच्याभोवतीचे लाकूड मात्र पातळ होते, आणि मग खुंटीचे टोक पृष्ठभागाच्या किंचित वर येते. डोळे मिटून बोट फिरवले तरी ते लागते. आत्याच्या कपाटातील बारापैकी नऊ खुंट्या अशा वर आलेल्या होत्या.

पॉलिशवरूनही काही कळते. लाखेचे, म्हणजे चपड्याचे, पॉलिश स्पिरिटने मऊ होते आणि अंधारात अतिनील दिव्याखाली नारिंगी दिसते; नायट्रोसेल्युलोजचे लॅकर १९२० च्या दशकापासून प्रचारात आले, आणि त्यावर स्पिरिटचा परिणाम फारसा होत नाही, थिनरचा होतो. पण पॉलिश पुन्हा पुन्हा दिले जाते, म्हणून या चाचणीतून कपाटाचे नव्हे तर शेवटच्या थराचे वय समजते.

प्रयोगशाळेत पाठवले तर सारे काही कळेल, अशी अनेकांची समजूत असते. लाकडातील कार्बन-१४ हा किरणोत्सारी कार्बन ठरावीक वेगाने घटत जातो (त्याचे अर्धायुष्य ५,७३० वर्षे आहे) आणि त्यावरून वय काढतात, पण नेमक्या याच काळासाठी, म्हणजे साधारण १६५० ते १९५० साठी, ही पद्धत गोंधळात टाकते, कारण त्या काळात वातावरणातील कार्बन-१४ च्या चढउतारांमुळे एकाच मोजमापाला दोन-तीन वेगवेगळे कालखंड जुळतात. बनावट वस्तू पकडायला मात्र ती उत्तम आहे. अणुचाचण्यांमुळे १९५० च्या दशकाच्या मध्यापासून हवेतील कार्बन-१४ झपाट्याने वाढला, आणि ती खूण असलेले लाकूड ज्या झाडाचे, ते झाड त्यानंतरही जिवंत होते हे निश्चित. सागवानाला वर्षागणिक वलये येतात, त्यामुळे वलयांच्या जाडी-बारकाईचा क्रम जुळवूनही काळ काढता येतो; जावा बेटावरील सागाची १५१४ पासूनची वलयमालिका १९३१ मध्येच प्रसिद्ध झाली होती. दोन्ही पद्धतींनी कळते ते झाडाचे वय. कपाट त्यानंतर किती वर्षांनी घडले, हा प्रश्न उरतोच.

आत्याच्या कपाटाने हाच प्रश्न पुढे केला. पाठीच्या पाच फळ्यांपैकी एका फळीवर भुंगेऱ्यांनी पोखरलेले बोगदे होते. भुंगेरा लाकडाच्या आत पोखरत जातो आणि बाहेर पडताना गोल छिद्र करतो. पृष्ठभागावर त्याची दिसणारी खूण म्हणजे ते छिद्र. या फळीवर मात्र बोगदे लांबलचक उघड्या पन्हळीसारखे दिसत होते. याचा अर्थ एकच होतो : लाकूड आधी पोखरले गेले, आणि नंतर कोणीतरी ते कापून, रंधून इथे बसवले. त्या फळीच्या एका कडेला एक भरलेली चौकोनी खाच आहे, आणि तिचा या कपाटाच्या कोणत्याही भागाशी संबंध लागत नाही. ती बहुधा दाराच्या चौकटीची किंवा पेटाऱ्याच्या झाकणाची असावी. कपाट एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले आहे, असे मी आत्याला सांगितले. ती फळी त्याहून जुन्या कशाची तरी आहे, हेही सांगितले. सुताराकडून पाठ रंधून, पॉलिश करून घ्यायचा तिचा बेत होता. पाठीला हात लावायचा नाही, असे सांगून तिने फक्त पुढची दारे पुसून घेतली.