बीपी, शुगर आणि डिमेन्शिया: मधली हरवलेली वर्षं

बीपी-शुगरचा डिमेन्शियाशी, म्हणजे आठवण आणि विचारशक्ती जाण्याच्या आजाराशी, संबंध आहे हे आता बहुतेकांनी ऐकलेलं असतं, पण मधे बरीच वर्षं हा संबंध बाजूला पडला होता. त्याआधी, विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, म्हातारपणी आठवण गेली की मेंदूच्या रक्तवाहिन्या कडक झाल्या असं सरसकट सांगायचे. 1960 च्या दशकात इंग्लंडमधे मृत्यूनंतर मेंदू तपासले तर बऱ्याच जणांत अल्झायमरच्याच (मेंदूत ठरावीक प्रथिनं साचून होणारा डिमेन्शियाचा प्रकार) खुणा निघाल्या आणि पारडं तिकडे झुकलं.

खरा घोळ डिमेन्शिया कुठल्या प्रकारचा हे ठरवायच्या 1975 च्या गुणांच्या यादीने झाला. बीपी असेल तर 1 गुण, आधी स्ट्रोक झालेला असेल तर 2, त्रास अचानक सुरू झाला तर आणखी 2, अशी बेरीज करायची आणि 4 किंवा कमी आले तर अल्झायमर, 7 किंवा जास्त आले तर रक्तवाहिन्यांचा डिमेन्शिया. तेव्हा स्कॅन सहज मिळत नव्हते त्यामुळे यादी लोकप्रिय झाली हे समजू शकतं, पण एकाच माणसाला दोन्ही असू शकतं हा विचारच मागे पडला, आणि पुढे अल्झायमरच्या औषधांच्या चाचण्यांतून जास्त गुणवाल्यांना वगळायला लागले, म्हणजे अभ्यास झाला तो निवडक, बाकी तब्येत बरी असलेल्यांचा! ऐंशीच्या घरात एकच आजार असलेली माणसं असतात तरी किती?

1997 मधे अमेरिकेतल्या नन्सच्या मेंदूंचा अभ्यास आला. मेंदूत अल्झायमरच्या खुणा असलेल्यांपैकी ज्यांना छोटे स्ट्रोकही होऊन गेले होते त्यांच्यात डिमेन्शिया कितीतरी जास्त दिसला. पुढच्या वर्षी युरोपातल्या एका चाचणीत बीपीचं औषध घेणाऱ्यांपैकी 11 जणांना डिमेन्शिया झाला, न घेणाऱ्यांपैकी 21 जणांना. आकडे लहानच, पण दिशा कळली.

त्यानंतर शुगर, ऐकू कमी येणं, डिप्रेशन असं एकेक जोडलं गेलं. टाळता येण्यासारख्या कारणांच्या यादीत 2017 साली 9 गोष्टी होत्या, 2024 ला 14 झाल्या.

मला यात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते वय. चाळिशी-पन्नाशीतला वाढलेला बीपी आणि वजन धोका वाढवतात, पण डिमेन्शियाचं निदान व्हायच्या आधीच्या काही वर्षांत दोन्ही उलट उतरायला लागतात, त्यामुळे सत्तरीनंतरच मोजमाप सुरू करणाऱ्या अभ्यासांत बीपी आणि लठ्ठपणा निर्दोष दिसायचे.