ट्रॉम्बोन घेताना चकाकी नको, स्लाइड बघा

‘शिकणाऱ्या मुलाला नवाकोरा, चकचकीत ट्रॉम्बोनच घ्यावा, जुन्याचा सूर बिघडलेला असतो’ असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. नव्याची ओढ समजण्यासारखी आहे, पण लॅकर, म्हणजे वरचा चकाकीचा थर, उडालं म्हणून सूर बिघडत नाही. फुंकून वाजवायच्या या पितळी वाद्याचा जीव सरकत्या नळीत, म्हणजे स्लाइडमध्ये. सातही पोझिशन, म्हणजे सूर बदलण्यासाठी नळी सरकवायच्या जागा, तिच्यावरच मिळतात.

म्हणून आधी तीच तपासा. ती स्वच्छ पुसून, वंगण लावून घ्या. वाद्य उभं धरा, लॉक काढा आणि खाली हात धरून बाहेरची नळी सोडा. ती आपल्याच वजनाने, न अडखळता खाली आली पाहिजे. मध्येच अडली, तर नळी वाकलेली किंवा तिला पोचा पडलेला असण्याची शक्यता मोठी, आणि ती दुरुस्ती नाजूक असते. नव्या पण स्वस्त वाद्यातही हा दोष सापडतो. बेलवरचा, म्हणजे कर्ण्यासारख्या तोंडावरचा, लहानसा पोचा मात्र मी खुशाल चालवून घेईन.