ॲझटेक संस्कृती

मेक्सिकोच्या मध्य पठारावर चौदाव्या शतकापासून १५२१ पर्यंत नांदलेली नावात्ल भाषिकांची नगरसंस्कृती. तिचे मुख्य वाहक असलेले राजधानी टेनोच्टिट्लानचे रहिवासी स्वतःला मेशिका म्हणवीत. साम्राज्य म्हणून तिचे आयुष्य १०० वर्षांहूनही कमी भरते. परंतु तिची पंचांगे, देवदेवता, मक्याची शेती आणि मनोऱ्यांची मंदिरे यांमागे मेसोअमेरिकेतील (मेक्सिको व मध्य अमेरिकेचा सांस्कृतिक प्रदेश) सुमारे अडीच हजार वर्षांची परंपरा होती.

या परंपरेचा आरंभ सामान्यतः मेक्सिकोच्या आखाताकाठच्या ओल्मेक लोकांपासून (सु. इ. स. पू. १२०० ते ४००) धरतात. सान लोरेन्सो आणि ला व्हेंता येथील त्यांच्या केंद्रांत बेसाल्ट खडकातून कोरलेली प्रचंड मानवी शिरे सापडली असून त्यांचा दगड दूरच्या तुश्त्ला डोंगरांतून आणलेला होता. पुढे ओआहाकाच्या खोऱ्यात सापोटेकांचे माँते आल्बान, दक्षिणेस मायांची नगरराज्ये आणि मध्य पठारावर टेओतिवाकान यांचा उत्कर्ष झाला. काटकोनी आखणीच्या टेओतिवाकानमध्ये भरभराटीच्या काळी एक लाखाहून अधिक लोक राहत असावेत. तेथील सूर्याचा पिरॅमिड सुमारे ६५ मी. उंच आहे, आश्चर्य म्हणजे एवढे वैभव असूनही तेथे राजांची स्तुती करणारे पुतळे वा शिलालेख जवळजवळ नाहीत. सहाव्या शतकाच्या सुमारास या नगराची मध्यवर्ती स्मारके जाळली गेली आणि त्याचे महत्त्व ओसरले. त्यानंतर तुला येथील टोल्टेकांनी काही काळ प्रभाव गाजवला.

मेशिका या प्रदेशात उशिरा आले. उत्तरेकडून भटकत आलेल्या या टोळीला मेक्सिकोच्या खोऱ्यात चांगली जमीन उरली नव्हती. परंपरेनुसार १३२५ मध्ये त्यांनी टेश्कोको सरोवरातील एका दलदलीच्या बेटावर टेनोच्टिट्लान वसवले. शतकभर ते आस्कापोत्साल्कोच्या तेपानेक सत्तेचे मांडलिक व भाडोत्री सैनिक होते. १४२८ मध्ये इत्स्कोआत्ल या राजाने टेश्कोको नगराचा राजा नेसावाल्कोयोत्ल याच्या साहाय्याने ती सत्ता उलथवली आणि त्लाकोपान या नगराला सोबत घेऊन त्रिराज्य संघ स्थापन केला. याच इत्स्कोआत्लने जुन्या चित्रपोथ्या जाळवल्या, असे स्पॅनिश काळात नोंदलेल्या स्थानिक कथनांत म्हटले आहे. नव्या सत्तेला आपला भूतकाळ नव्याने मांडायचा होता, हे उघड आहे. राजघराण्याने टोल्टेकांशी नाते सांगितले, सध्याचा (पूर्वीच्या सूर्यांनंतरचा) सूर्य टेओतिवाकान येथे जन्मला असे मानले, आणि टेनोच्टिट्लानच्या महामंदिरातील पुरलेल्या अर्पणांत एक ओल्मेक मुखवटाही ठेवला.

राजधानीचा पाया जलव्यवस्थापनाचा होता. उथळ पाण्यात गाळ व वनस्पती यांचे थर रचून चिनाम्पा नावाचे लांबट वाफे तयार करीत आणि त्यांच्या कडा झाडांच्या मुळांनी बांधून घेत. त्यांना ‘तरंगत्या बागा’ म्हणण्याची प्रथा चुकीची आहे, कारण ते तळाशी घट्ट बसलेले असत. यांतून वर्षाला अनेक पिके निघत. खारे पाणी गोड्या पाण्यात मिसळू नये म्हणून नेसावाल्कोयोत्लच्या काळी लांबलचक बंधारा घालण्यात आला, तर पिण्याचे पाणी चापुल्तेपेकच्या झऱ्यांपासून जलवाहिनीने येई. चुन्याच्या पाण्यात शिजवलेल्या मक्याच्या भाकरीसारख्या चकत्या हे मुख्य अन्न होते. राजधानीला लागूनच्या त्लातेलोल्कोच्या बाजारात रोज साठ हजार लोक जमतात, असे स्पॅनिश सेनानी एर्नान कोर्तेसने लिहिले आहे. तेथे कोकोच्या बिया व सुती कापडाचे तुकडे चलन म्हणून चालत.

समाजात सरदार (पिपिल्तिन) आणि सामान्य जन (मासेवाल्तिन) असे दोन मुख्य थर होते. सामान्य कुटुंबे काल्पुल्ली नावाच्या वस्तीगटांत राहत. जमिनीचे वाटप, कर आणि मुलांचे युद्धशिक्षण या गटांमार्फत होई. मुलामुलींचे शिक्षण सक्तीचे असे, हे त्या काळच्या जगात दुर्मीळ होते. सरदारपुत्र काल्मेकाक या विद्यालयांत पंचांग, विधी व राज्यकारभार शिकत. कर्ज वा गुन्ह्यामुळे माणूस गुलाम होई. पण गुलामी वंशपरंपरागत नव्हती. दूरवर जाणारे पोच्टेका व्यापारी श्रीमंत असत आणि राजासाठी हेरगिरीही करीत.

महामंदिरावर युद्धदेव वीत्सिलोपोच्त्ली आणि पर्जन्यदेव त्लालोक यांची जोडमंदिरे होती. युद्धातील लूट आणि शेती या राज्याच्या दोन आधारांना दिलेली ही दाद म्हणता येईल. नरबळीची प्रथा मेसोअमेरिकेत जुनी होती, पण मेशिकांनी ती राज्यकर्त्यांच्या दराऱ्याचे साधन बनवली. १४८७ च्या मंदिरार्पणप्रसंगी ८०,४०० बळी दिल्याचा एका स्पॅनिश बखरीतील आकडा मात्र अभ्यासक अतिशयोक्त मानतात. २६० दिवसांचे विधिपंचांग व ३६५ दिवसांचे सौरवर्ष ही दोन्ही चक्रे ५२ वर्षांनी जुळत आणि तेव्हा नवा अग्नी पेटवला जाई.

जिंकलेल्या प्रदेशांत मेशिका बहुधा स्थानिक राजे कायम ठेवून केवळ खंडणी घेत. कारभार स्वस्त होत असला, तरी निष्ठा निर्माण होत नसे. १५१९ मध्ये कोर्तेस उतरला तेव्हा त्लाश्काला हे शत्रुराज्य आणि खंडणीने गांजलेली नगरे त्याला मिळाली; १३ ऑगस्ट १५२१ रोजी टेनोच्टिट्लान पडले, ते मुख्यतः या हजारो स्थानिक योद्ध्यांमुळे आणि १५२० च्या देवी रोगाच्या साथीमुळे. स्पॅनिशांनी तेथेच मेक्सिको शहर उभारले. १९७८ मध्ये वीजकामगारांना कोयोल्शाउकी देवीची शिळा सापडली आणि महामंदिराचे मोठे उत्खनन सुरू झाले. नावात्ल आजही दहा लाखांहून अधिक लोक बोलतात आणि सोचिमिल्को येथे चिनाम्पांवर शेती होते.