शालेय आहार आणि मुलांची रुची (कोकण किनारपट्टी)

मुलांनी शाळेच्या वेळेत पोषक अन्न आवडीने खावे म्हणून शाळा, स्वयंपाकी आणि पालक जे उपाय करतात त्यांचा विचार या नोंदीत केला आहे. पालघर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या किनारी जिल्ह्यांत टेबल-खुर्च्यांचे शालेय भोजनगृह जवळजवळ नसतेच. जिल्हा परिषदेच्या शाळेत पडवीत पंगत बसते, तर तालुक्याच्या गावातल्या हायस्कुलात कॅन्टीन म्हणजे वडापाव-समोशाची एक खिडकी. या दोन ठिकाणचे प्रश्न वेगळे आहेत. पंगतीत अन्न ठरलेले असते पण मूल भाजी कडेला सारते; खिडकीपाशी मूल हौसेने खाते पण अन्नात दम नसतो.

पंगतीमागची सरकारी योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. सुरुवातीला महाराष्ट्रात हजेरी पाहून महिन्याला ३ किलो तांदूळ घरी नेण्यासाठी दिला जाई. मुलाच्या नावाचा तांदूळ सगळ्या घराच्या मडक्यात शिजे, हे उघड होते. सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशात शिजवलेलेच अन्न द्यावे, त्यात किमान ३०० उष्मांक व ८ ते १२ ग्रॅम प्रथिने असावीत आणि ते वर्षातून निदान २०० दिवस मिळावे, असे सांगितले. पुढे हे प्रमाण वाढले. आज पहिली ते पाचवीच्या मुलासाठी ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने, सहावी ते आठवीसाठी ७०० उष्मांक व २० ग्रॅम प्रथिने असा दंडक आहे. ताटात धान्य अनुक्रमे १०० व १५० ग्रॅम, डाळ २० व ३० ग्रॅम आणि भाजी ५० व ७५ ग्रॅम अपेक्षित असते. २०२१ पासून योजनेचे नाव ‘प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण’ आहे. गावात मात्र ती अजून ‘खिचडी’च आहे आणि या एका शब्दात तिचे यश व दुखणे दोन्ही येतात. खिचडी मोठ्या टोपात एकट्या बाईला उरकता येते, मुले ती खातात, पण आठवड्यात चौथ्यांदा तीच समोर आली की हात मंदावतो.

हा तोचतोचपणा मोडण्यासाठी राज्याने जून २०२४ मध्ये पंधरा पाककृतींची यादी दिली. तीत मसालेभात आणि निरनिराळे पुलाव, चवळीची खिचडी, मोड आलेल्या मटकीची उसळ, शेवगा घातलेले मुगाचे वरण, तांदळाची खीर आणि नाचणीचे सत्त्व असे पदार्थ होते. यादी वाईट नव्हती. ती वाचून कोकणातल्या जाणत्या बाईला ‘पुलाव एवढे आणि कुळथाची पिठी कुठे?’ असे वाटले असेल तर त्यातही नवल नाही. कारण किनारपट्टीच्या स्वयंपाकात मुलांना लागते ते बरेचसे आधीच आहे.

नाचणी घ्या. पालघरकडे तिला नागली म्हणतात. तिच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. सडलेल्या पांढऱ्या तांदळात ते त्याच्या विसाव्या हिश्श्याइतकेही नसते. कुळथात १०० ग्रॅमला २२ ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात. भाजून दळलेले कुळथाचे पीठ, लसूण, मिरची, दोन आमसुले आणि वरून ओले खोबरे एवढ्यावर पिठी होते, आणि वीस मुलांच्या शाळेत ती करायला डाळ शिजवण्यापेक्षा कमी वेळ लागतो. गोकुळाष्टमीला सिंधुदुर्गात घरोघरी शेवग्याच्या पाल्याची भाजी, आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याची उसळ होते. पोषणतज्ज्ञाने आखलेला बेत याहून फार निराळा नसता. पावसाळ्यात टाकळा, भारंगी, कुर्डू, अळू, चवळी आणि वालाचे बिरडे, फणसाच्या आठळ्या, श्रावणातल्या काकडीचे धोंडस. यातले काहीही मुलांना परके नाही.

अडचण आहे ती या अन्नाच्या प्रतिष्ठेची. नाचणीची भाकरी आणि पेज ही गरिबाची, खुरट्या रानात राबणाऱ्याची जेवणे मानली गेली. मुंबईच्या पैशाने घरात पांढरा भात, मग बेकरीतले कडक बटर, खारी आणि पाकिटातल्या नूडल्स आल्या, तशी नाचणी आजीच्या ताटापुरती उरली. गणपतीला आलेला चाकरमानी सोबत चिप्सची पाकिटे आणतो. नाचणीचे लाडू तो उलट गावाहून मुंबईला नेतो, ही गंमत मुलांच्या नजरेतून सुटत नाही. म्हणून कोकणातल्या शाळेत चांगले अन्न खायला लावणे म्हणजे बहुतांशी ओळखीच्या अन्नाची प्रतिष्ठा परत मिळवून देणे होय. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होते, तेव्हा भिंतींवर नाचणीची चित्रे निघाली. चित्रापेक्षा गुरुजींनी पंगतीत बसून त्याच नाचणीची आंबील वाटीभर पिणे जास्त कामाचे.

यामागे संशोधनही आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लिअ‍ॅन बर्च यांनी १९८० च्या दशकात लहान मुलांवर केलेल्या अभ्यासांतून दिसले की नवी चव पुन्हा पुन्हा, थोडी थोडी चाखत गेले की नावड ओसरते. त्यासाठी कधी दहा-बारा खेपाही लागतात. दोनदा भाजी परत आली म्हणून ती बंद करणारी शाळा म्हणजे घाई करणारी शाळा. त्याच काळातल्या कामातून आणखी एक गोष्ट पुढे आली : ‘हे खाल्लेस तर ते देईन’ असे आमिष दाखवले की मूल त्या दिवशी खाते, पण त्या पदार्थाची गोडी उलट कमी होते. भाजीच्या बदल्यात चॉकलेट देणाऱ्या आयांना हे पटणे कठीण आहे. सोबत्यांचे पाहून खाणे मात्र टिकते. पंगतीची रचना याला फार सोयीची आहे. आवडीने खाणारी पोरे शेवटी एकत्र न बसवता मध्ये मध्ये बसवावीत, पहिल्यांदा वाढताना चमचाभरच वाढावे आणि उरलेले मागून घ्यायला मोकळीक द्यावी.

अशा युक्त्यांच्या बाबतीत थोडी सावधगिरीही हवी. कॉर्नेल विद्यापीठाचे ब्रायन वॉन्सिंक यांनी सफरचंदावर एल्मो या बाहुल्याचे चित्र चिकटवले तर मुले बिस्किटाऐवजी सफरचंद उचलतात असे २०१२ मध्ये मांडले आणि ते जगभर गाजले. पुढे कळले की प्रयोगातली मुले सांगितल्याप्रमाणे ८ ते ११ वर्षांची नव्हती, ३ ते ५ वर्षांची होती. २०१७ मध्ये तो लेख मागे घेतला गेला आणि विद्यापीठाच्या चौकशीनंतर २०१८ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. चित्रे चिकटवून होत असते तर काम फारच स्वस्त पडले असते.

शाळेचे खरे भांडवल म्हणजे स्वयंपाकी-मदतनीस, मुलांच्या भाषेत ‘काकी’. बहुधा ती त्याच वाडीतली असते. कुणाला वांगे चालत नाही, कोण सकाळी नुसत्या चहा-बटरवर आले आहे, हे तिला ठाऊक असते. भाजी बारीक चिरून वरणात मुरवणे, शेवग्याचा पाला वाळवून पिठीत घालणे, मटकीला दोन दिवस आधी भिजवून मोड काढणे ही तिची कारागिरी आहे. मोड आल्याने कडधान्यात क जीवनसत्त्व वाढते, आणि वर लिंबू पिळले की त्यातले लोह शरीराला अधिक लागते. चहा त्याच्या उलट करतो. एवढे कौशल्य असूनही तिचे मानधन तुटपुंजे असते. पाककृतींची यादी लांबवताना एका चुलीवर तीन पदार्थ कोण आणि किती वाजता करणार, हा प्रश्न बहुतेक वेळा तिच्यावरच सोडलेला असतो. अन्न मुलांना वाढण्यापूर्वी शिक्षकाने चाखून पाहावे असा नियम आहे. चव सुधारण्याचा तो सर्वांत सोपा मार्ग ठरू शकतो, केवळ वहीत सही करण्यापुरता उरला नाही तर.

तिच्यापुढचे आणखी एक कोडे म्हणजे पोषणमूल्ये घातलेला तांदूळ. तांदळाचेच पीठ, लोह, फॉलिक आम्ल आणि ब-१२ जीवनसत्त्व यांपासून यंत्रात घडवलेले दाणे साध्या तांदळात शंभरास एक या प्रमाणात मिसळतात. ते रंगाने जरा वेगळे दिसतात आणि धुताना कधी वर तरंगतात. ‘प्लास्टिकचा तांदूळ’ अशी आवई उठायला तेवढे पुरते, आणि नेमके कामाचे दाणेच वेचून फेकले जातात. पालकांसमोर एकदा मूठभर दाणे शिजवून, चुरडून दाखवले की शंका बरीच फिटते.

मासे हा किनाऱ्यावरचा स्वाभाविक पोषक आहार, पण शाळेच्या पाककृतींत तो नाही. सुकट किंवा जवळा टोपात पडला की अर्धी पंगत खूश आणि शाकाहारी घरे नाराज. शिवाय सोमवार, गुरुवार आणि श्रावण पाळणारे आहेतच. १ जून ते ३१ जुलै ही मासेमारीबंदी संपते न संपते तोच श्रावण लागतो. अंडे हा मधला मार्ग होता. राज्याने २०२३ च्या अखेरीस आठवड्यातून एकदा अंडे, न खाणाऱ्याला केळे किंवा दुसरे फळ, अशी सोय केली. जानेवारी २०२५ मध्ये अंड्यासाठीचा आणि गोड पदार्थाच्या साखरेसाठीचा वेगळा निधी थांबला. हे लोकसहभागातून करावे असे सुचवले गेले. मच्छीमार सोसायटी किंवा आंबा बागायतदार असलेल्या गावाला ते जमू शकते. डोंगरकुशीतल्या दहा घरांच्या वाडीला लोकसहभाग म्हणजे स्वतःच्याच पोरांची अंडी स्वतः विकत घेणे.

परसबागेचे कौतुक बरेच होते आणि ते रास्त आहे. स्वतः पेरलेली भेंडी मूल सहसा परत पाठवत नाही. पावसात दोडका, पडवळ, काकडी, भेंडी. भात कापल्यावर उरलेल्या ओलीवर लाल माठ, मुळा, वाल, चवळी हा कोकणचा क्रम शाळेच्या वर्षाशी जुळतोही. शिवाय कोकम, लिंबू, आवळा, पपई आणि केळ यांना विशेष देखभाल लागत नाही. पण जांभ्या दगडाच्या सड्यावरच्या, म्हणजे खडकाळ पठारावरच्या, शाळेत माती बाहेरून आणावी लागते. भातकापणीनंतर गुरे मोकाट सुटतात, माकडे वर्षभर येतात आणि मार्चनंतर विहीर तळ गाठते. कुंपण आणि पाणी यांची सोय न करता वाटलेली बियाण्यांची पाकिटे पहिल्या फोटोपुरतीच उगवतात.

कॅन्टीनच्या बाबतीत नियमांची कमतरता नाही. महाराष्ट्राने मे २०१७ मध्ये शालेय कॅन्टीनमधून चिप्स, नूडल्स, शीतपेये, पिझ्झा-बर्गर यांसारखे पदार्थ हटवण्यास सांगितले. केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनी जास्त मेद, मीठ व साखर असलेले पदार्थ शाळेत आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत विकण्यास मनाई केली. मात्र कोकणात शाळा, एसटीचा थांबा आणि वाडीतले एकमेव दुकान बहुधा एकाच वळणावर असतात. दुकानदार कुणाचा तरी काका असतो. त्याला हाकलणे होत नाही आणि करूही नये. पाच रुपयांच्या पाकिटाशेजारी त्याच भावात उकडलेल्या शेंगा, चिक्की, केळे, मोसमात जांभळे-करवंदे आणि पेल्यात कोकम सरबत ठेवले तर काही मुले तिकडे वळतात. सरबतात साखर घालताना हात आखडता हवा, नाहीतर शीतपेय आणि त्यात रंगाचाच फरक उरेल. शहाळे आरोग्याला उत्तम, पण मुलांच्या खिशाला परवडत नाही. नारळाच्या प्रदेशात असे व्हावे हे विचित्र आहे, तरी भाव पर्यटक ठरवतात.

हायस्कुलातल्या खिडकीचा ठेका बहुधा सर्वांत जास्त भाडे देणाऱ्याला मिळतो, आणि भाडे वसूल करायला वड्याइतका खात्रीचा माल नाही. ठेक्याऐवजी खिडकी बचत गटाला नाममात्र भाड्याने दिली तर घावणे-चटणी, आंबोळी-उसळ, थालीपीठ असे पदार्थ परवडतात. घावण्यांना तवा सतत तापता ठेवावा लागतो आणि मधली सुट्टी वीस-पंचवीस मिनिटांचीच असते, म्हणून आधी करून ठेवता येणारी उसळ आणि इडली या खिडकीत जास्त चालतात.