उसाच्या फडात वाढणारं वय

दाखल्यावरचं वय सगळ्यांचं सारखंच वाढतं, शरीराचं मात्र नाही. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात १९७२-७३ साली जन्मलेल्या हजारावर मुलांची तपासणी संशोधक आजही करत आहेत. ती ३८ वर्षांची झाली तेव्हा रक्तदाब, साखर, फुप्फुसांची ताकद, मूत्रपिंडांचं काम असं सगळं मोजून शरीराचं वय काढलं. कुणाचं २८ निघालं, कुणाचं ६१!

हे वय डीएनएवरही वाचता येतं. डीएनएवर बारीक रासायनिक खुणा असतात. कोणतं जनुक चालू राहील, कोणतं गप्प बसेल, यात त्यांचा हात असतो. वयाप्रमाणे त्या ठरावीक पद्धतीनं बदलतात. २०१३ साली स्टीव्ह होर्वाथ यांनी अशा ३५३ जागांवरून वय सांगणारं ‘घड्याळ’ मांडलं. धूम्रपान करणाऱ्यांच्या रक्तात ‘एएचआरआर’ नावाच्या जनुकावरच्या खुणा कमी होतात. धूम्रपान सुटलं की काही वर्षांत त्या पुन्हा भरू लागतात. विडी सोडायला उशीर झाला, असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला मला हे सांगावंसं वाटतं.

झोप, चालणं, साधं जेवण यांचंही महत्त्व आहेच. ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी आपल्याकडे घरचीच. पण बीडकडची उसतोड करणारी बाई पहाटेच्या अंधारात फडात उतरते, डोक्यावर मोळ्या वाहते, गाडी रात्री आली तर रात्री भरते. खाडा पडला की पैसे कापले जातात, वर मुकादमाची उचल फेडायची असतेच. तिला ‘आठ तास झोपा’ कोणत्या तोंडानं सांगायचं?

इथल्या अनेक जणींची गर्भाशयं ऐन तिशीत काढली गेली. २०१९ साली सरकारला त्यासाठी चौकशी समिती नेमावी लागली. पाळी लवकर गेलेल्या बायकांमध्ये डीएनएचं घड्याळ पुढे पळालेलं दिसतं, हे मॉर्गन लेव्हिन आणि होर्वाथ यांच्या २०१६ च्या अभ्यासात आढळलं. दोन्ही अंडाशयं काढलेल्यांतही तेच. मग ही झीज तिच्या सवयींच्या खात्यावर कशी मांडायची?

लेव्हिन यांनीच पुढे रक्ताच्या नऊ साध्या तपासण्यांवरून शरीराचं वय काढण्याची रीत दिली. साखर, क्रिएटिनिन, अल्ब्युमिन, पांढऱ्या पेशी, अशा नेहमीच्याच तपासण्या. दसऱ्यानंतर टोळ्या निघण्याआधी आणि हंगाम संपवून परतल्यावर त्या गावातच, फुकट व्हायला हव्यात. फडातला एक हंगाम शरीराची किती वर्षं खातो, ते मग कागदावर येईल.