एकाच दालनातली दोन प्रदर्शनं: डिग्री शो आणि क्युरेटेड प्रदर्शन

विद्यापीठाच्या कलादालनात वर्षभर काही ना काही लागलेलं असतं. भिंती त्याच, दिवे तेच, दाराशी वही पुढे सरकवणारा कंटाळलेला स्वयंसेवकही बहुधा तोच. त्यामुळे बाहेरून येणाऱ्याला वाटतं, प्रदर्शन ते प्रदर्शन. मग अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांचा डिग्री शो बघून कुणी म्हणतं, ‘फार विस्कळीत होतं, काही सूत्रच नाही.’ आणि क्युरेटरने, म्हणजे कामं निवडून त्यांची मांडणी ठरवणाऱ्या माणसाने, दोन वर्षं खपून रचलेल्या प्रदर्शनात शिरून कुणी विचारतं, ‘यातलं विकायला काय काय आहे?’ दोन्ही वेळा बघणाऱ्याची नजर वाईट नसते. फूटपट्टी चुकीची असते.

फरक कामांच्या दर्जात शोधायला गेलात तर फसाल. डिग्री शोमध्ये थक्क करणारं काम दिसतं आणि क्युरेटेड प्रदर्शनात रटाळ, हे सर्रास घडतं. खरा फरक एका प्रश्नात आहे: इथे काय लागावं आणि काय लागू नये, हे कुणी ठरवलं?

डिग्री शोमध्ये ते जवळजवळ कुणीच ठरवलेलं नसतं. निवड झाली ती काही वर्षांपूर्वी, प्रवेशाच्या वेळी. त्यानंतर जो अंतिम वर्षापर्यंत पोचला त्याला जागा मिळते. कुणाला प्रशस्त भिंत, कुणाला खांबामागचा कोपरा, कुणाला प्लगपॉइंट आहे म्हणून जिन्याखालची अंधारी खोली. जागावाटपावरून वर्गात जी भांडणं होतात ती पाहुण्यांना दिसत नाहीत, पण मांडणीमागचं कारण पुष्कळदा तेच असतं. दोन निळी चित्रं शेजारी लागली असतील तर त्यातून काही सुचवलेलं नसतं, दोघांचे हजेरी क्रमांक लागोपाठ असतात इतकंच. शिवाय या सगळ्याचा पहिला प्रेक्षक आपण नव्हेच. परीक्षक आपल्या आधी येऊन गेलेले असतात किंवा यायचे असतात. डिग्री शो म्हणजे भिंतीवर टांगलेली उत्तरपत्रिका. ती लोकांनाही बघू दिली जाते, हा विद्यार्थ्यांचा आणि आपला दोघांचाही फायदा.

क्युरेटेड प्रदर्शनाची सुरुवात चित्रांपासून होतेच असं नाही. ती बहुधा एखाद्या शंकेपासून किंवा दाव्यापासून होते. मग त्याला धरून कामं शोधली जातात, काही संग्रहातून काढली जातात, काही दुसऱ्या संस्थांकडून उसनी मागितली जातात, आणि घेतली त्याच्या कित्येक पट सोडून दिली जातात. इथे शेजार महत्त्वाचा. कुठलं चित्र कुठल्या चित्राच्या बाजूला, कुठली भिंत कोरी, आत शिरल्यावर पहिल्यांदा काय दिसतं, हे सगळं कुणीतरी विचारपूर्वक केलेलं असतं, म्हणून ते वाचायचं असतं. आवडलं नाही तर जाबही त्या एका माणसाला विचारता येतो. डिग्री शोमध्ये असा जाब विचारायला कुणी नसतं, आणि चाळीस विद्यार्थ्यांना मिळून एकच शेरा देणं तर निव्वळ अन्याय.

2014 या एकाच वर्षात दोन विद्यापीठीय जगांत जे घडलं ते शेजारी ठेवलं तर हा फरक हाताला लागतो. योगायोग असा, की दोन्हीकडे प्रोजेक्टर आहे.

23 मे 2014. ग्लासगो स्कूल ऑफ आर्टच्या मॅकिन्टॉश इमारतीत अंतिम वर्षाचे विद्यार्थी डिग्री शोची मांडणी करत होते. तळघरात एका मांडणशिल्पासाठी फटी भरायला डब्यातला फुगणारा फोम वापरला जात होता. त्यातून सुटलेला ज्वलनशील वायू तापलेल्या प्रोजेक्टरपाशी पेटला, असा निष्कर्ष अग्निशमन दलाच्या तपासात निघाला. जीवितहानी झाली नाही, पण इमारतीतलं प्रसिद्ध ग्रंथालय गेलं आणि कित्येक विद्यार्थ्यांचं वर्षभराचं काम राख झालं. पुढे स्कॉटलंडच्या सरकारने 7,50,000 पौंड दिले, त्यातून ‘फिनिक्स’ नावाच्या शिष्यवृत्त्या निघाल्या आणि त्या तुकडीला पुन्हा काम करायला वेळ आणि जागा मिळाली. 2015 मध्ये त्यांचं प्रदर्शनही झालं. त्यात सूत्र काय होतं? एकच: ही सगळी त्या वर्षीची मुलं.

आता नोव्हेंबर 2014. हार्वर्डची कलासंग्रहालयं नव्या इमारतीत पुन्हा उघडली, तेव्हा तिथे अमेरिकन चित्रकार मार्क रॉथकोची कॅनव्हासवरची भित्तिचित्रं लावली होती. ही पाच मोठी चित्रं 1964 मध्ये विद्यापीठाच्याच एका उंच इमारतीतल्या भोजनकक्षात टांगली गेली होती. त्यांतला लिथॉल रेड हा लाल रंग उन्हात टिकणारा नव्हता. खिडक्यांतून येणाऱ्या उजेडाने चित्रं इतकी विटली की 1979 मध्ये ती उतरवून कोठारात ठेवावी लागली. त्यांच्यावर नवा रंग चढवणं शक्यच नव्हतं. मग संवर्धकांनी चित्रांच्या जुन्या रंगीत पारदर्शिकांचा (फिल्मवरच्या फोटोंचा) आणि कधीच न टांगल्या गेलेल्या, म्हणून न विटलेल्या सहाव्या चित्राचा आधार घेऊन मूळ रंगांचा हिशोब मांडला, आणि जिथे जितका रंग उडाला तिथे तितकाच रंगीत उजेड प्रोजेक्टरने टाकला. कॅनव्हासला हात न लावता चित्र पूर्ववत दिसू लागलं. रोज दुपारी चार वाजता मात्र प्रोजेक्टर बंद व्हायचा आणि विटलेली चित्रं आहेत तशी समोर यायची. मला या प्रदर्शनातली सगळ्यात हुशार गोष्ट हीच वाटते. चार वाजता दिवा विझवणं हे त्या प्रदर्शनाचं म्हणणं होतं: उजेडाने रंगवलेलं चित्र मूळ मानायचं की नाही, तुम्हीच ठरवा. अशी चाल आधीपासून प्रश्न मनात धरून बसलेला माणूसच खेळू शकतो.

गल्लत झाली की काय होतं, याचं उदाहरण बडोद्यात आहे. मे 2007 मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या ललित कला विद्याशाखेत वार्षिक मूल्यमापनासाठी काही कामं लावली होती. बाहेरच्या लोकांनी आत शिरून एका विद्यार्थ्याच्या चित्रांना आक्षेप घेतला, पोलिस आले, त्या विद्यार्थ्याला अटक झाली. तो डिस्प्ले परीक्षेचा होता, हे वाद सुरू झाल्यावर सगळ्यांना सांगत बसावं लागलं. यानंतर विद्यार्थ्यांनी काय केलं ते बघा. त्यांनी कलेतिहास विभागाच्या संग्रहातल्या छायाप्रती काढून, भारतीय आणि पाश्चात्त्य परंपरेत शरीर आणि शृंगार कसा रंगवला गेला, याचं एक प्रदर्शन उभं केलं. हे दुसरं प्रदर्शन मात्र पक्कं क्युरेटेड होतं: निवड होती, दावा होता, प्रतिवाद होता. विद्यापीठाने ते बंद करायला सांगितलं, प्रभारी अधिष्ठात्यांनी नकार दिला आणि त्यांना निलंबित करण्यात आलं. काही दिवसांच्या अंतराने एकाच आवारात लागलेल्या या दोन गोष्टींना बातम्यांनी ‘प्रदर्शन’ हा एकच शब्द वापरला.

उलटी गल्लतही जुनी आहे. लंडनमधलं 1988 चं ‘फ्रीझ’ हे प्रदर्शन अजूनही कुणाकुणाच्या बोलण्यात ‘गोल्डस्मिथ्सचा’, म्हणजे तिथल्या गोल्डस्मिथ्स कॉलेजचा, ‘डिग्री शो’ म्हणून येतं. ते तसं नव्हतं. पुढे नावाजलेला कलाकार डेमियन हर्स्ट तेव्हा तिथला विद्यार्थीच होता; त्याने गोदी भागातली एक रिकामी इमारत मिळवली, प्रायोजक गाठले, कॅटलॉग छापला आणि कुणाला घ्यायचं ते स्वतः ठरवलं. भाग घेणारे सगळे गोल्डस्मिथ्सचे असले तरी गुणांशी त्याचा संबंध नव्हता. खऱ्या डिग्री शोमधून नाव झालेली चित्रकार हवी असेल तर जेनी सॅव्हिल: 1992 मध्ये ग्लासगोला शिक्षण संपवताना तिने मांडलेली चित्रं विकली गेली आणि संग्राहक चार्ल्स साची तिच्या मागे उभा राहिला.

दालनात शिरल्यावर खुणा कुठे बघायच्या, तर लेबलांवर. क्युरेटेड प्रदर्शनाच्या लेबलावर नाव, वर्ष, माध्यम, माप आणि शेवटी काम कुणाच्या संग्रहातून आलंय ते लिहिलेलं असतं. त्या शेवटच्या ओळीमागे करार, विमा आणि चित्र पेटीतून काढताना एकेक ओरखडा टिपणारा कंडिशन रिपोर्ट असतो. डिग्री शोमध्ये नाव, शीर्षक आणि बाजूला इन्स्टाग्रामचा पत्ता छापलेल्या कार्डांची चळत. उजेडही बघा. कागदावरच्या जुन्या कामांसाठी साधारण 50 लक्स (उजेड मोजायचं एकक) इतकाच प्रकाश ठेवायचा संकेत आहे, त्यामुळे अशी खोली मुद्दाम मंद असते. डिग्री शोमध्ये खोली अंधारी असेल तर आत बहुधा व्हिडिओ चालू असतो, नाहीतर दिवा गेलेला असतो.

विकत घ्यायचं असेल तर विद्यापीठाच्या क्युरेटेड प्रदर्शनात तो प्रश्न सहसा उद्भवत नाही, कारण कामं संग्रहातली किंवा उसनी. डिग्री शोमध्ये सरळ विद्यार्थ्याला विचारावं; मात्र मूल्यमापन पूर्ण होईपर्यंत काम भिंतीवरून हलवता येत नाही, तेव्हा घाई करू नये. चित्रकार शेजारीच उभा असतो, हा डिग्री शोचा सगळ्यात मोठा लाभ आहे आणि लोक तो लाजून घालवतात. ‘याचा अर्थ काय?’ असं विचारलं की बिचारे पाठ केलेलं निवेदन म्हणून दाखवतात. ‘हे करताना काय काय फसलं?’ असं विचारा आणि टेबलावर स्केचबुक ठेवलेलं असेल तर परवानगी घेऊन चाळा. परीक्षकही तेच करतात.

काही विद्यापीठं हल्ली पदव्युत्तर तुकडीच्या शेवटच्या प्रदर्शनासाठी बाहेरचा क्युरेटर बोलावतात, तेव्हा गोंधळ आणखी वाढतो. दारावर क्युरेटरचं नाव, भारदस्त शीर्षक, भिंतीवर लांबलचक मजकूर. अशा वेळी तुकडीची यादी आणि प्रदर्शनातली नावं ताडून बघावी. यादीतला एकही जण गळला नसेल, तर क्युरेटरला कामं फक्त हलवायची मुभा होती, निवडायची नव्हती. शीर्षक कितीही भारदस्त असो, तो डिग्री शोच समजून बघावा.