कंपोझिट ब्लेड (टेबल टेनिस)

टेबल टेनिसच्या बॅटवरची दोन्ही रबरं काढली की हातात जी लाकडी फळी आणि मूठ उरते तिला ब्लेड म्हणतात, आणि त्या फळीच्या थरांमध्ये कार्बन किंवा तसल्याच एखाद्या फायबरचं पातळ कापड चिकटवलेलं असेल तर ते कंपोझिट ब्लेड. क्लबात कंपोझिट वगैरे कोणी म्हणत नाही, "कार्बन आहे का वुड?" एवढंच विचारतात. अटॅक करणारे बरेचसे मोठे खेळाडू आज यावरच खेळतात, म्हणून नवीन पोरांनाही पहिल्याच वर्षी तेच हवं असतं आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

रचना बहुतेक वेळा ५+२ अशी सांगतात, म्हणजे लाकडाचे पाच थर आणि फायबरचे दोन. मधला जाड गाभा बऱ्याचदा किरी नावाच्या अगदी हलक्या लाकडाचा, त्याच्या दोन्ही बाजूंना आयूससारखं लाकूड, आणि रबर ज्यावर चिकटतं तो बाहेरचा थर कोटो, लिंबा किंवा जपानी हिनोकीचा. कोटो कडक, लिंबा जरा मऊ (आपल्या लिंबाच्या झाडाशी याचा काही संबंध नाही, हे आफ्रिकेतलं लाकूड). आंतरराष्ट्रीय संघटनेच्या म्हणजे आयटीटीएफच्या नियमाप्रमाणे ब्लेडच्या जाडीचा किमान ८५ टक्के भाग नैसर्गिक लाकूडच हवा, आणि फायबरचा कुठलाही एक थर एकूण जाडीच्या ७.५ टक्के किंवा ०.३५ मिमी, यातलं जे कमी असेल त्याहून जाड चालत नाही. ५.८ मिमीच्या ब्लेडचे ७.५ टक्के ०.४३ च्या वर जातात, त्यामुळे तिथे ०.३५ चीच मर्यादा लागते. म्हणजे कार्बनची बॅट म्हटलं तरी ती मुळात लाकडाचीच. आकार, साइझ, वजन यावर मात्र काहीच बंधन नाही, फळी सपाट आणि ताठ असली की झालं, म्हणून तर स्टिगा कंपनीचं षटकोनी सायबरशेप ब्लेड नियमात बसतं.

फास्ट का होतं, तर बॉल आदळला की फळी किंचित वाकते आणि थरथरते, आणि त्यात थोडी ताकद वाया जाते. कार्बन ताठ असल्यामुळे फळी कमी वाकते आणि बॉल लवकर, जरा सपाट मार्गाने सुटतो. बॉल रबरावर टेकतो तो वेळ जेमतेम सेकंदाचा हजारावा भाग, तरी हाताला फरक कळतो. दुसरा फायदा असा की स्वीट स्पॉट (फळीचा जिथे बॉल नीट उसळतो तो भाग) मोठा होतो, कडेला लागलेला बॉलसुद्धा मरत नाही, आणि मला विचाराल तर टेबलापासून दोन पावलं मागे जाऊन काउंटर (अटॅकला उलटा अटॅक) मारणाऱ्याला स्पीडपेक्षा याचाच जास्त उपयोग होतो.

फायबरमध्ये नुसता कार्बन सगळ्यात कडक, त्यावर बॉल लागला की हाताला पोकळ "टॉक" जाणवतो, बटरफ्लाय कंपनीचं श्लागर कार्बन हे त्यातलं गाजलेलं राक्षसी फास्ट उदाहरण. अरायलेट-कार्बन म्हणजे एएलसी, यात कार्बनसोबत अरायलेटचे धागे विणलेले असतात, ते थरथर शोषून घेतात आणि फील लाकडाच्या जवळ राहतो. बटरफ्लायचं विस्कारिया १९९३ मध्ये आलं, ते याच जातीचं, वर कोटो, जाडी ५.८ मिमी, आणि २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये चीनच्या झांग जिकेने याच ब्लेडने सिंगल्सचं गोल्ड घेतल्यावर त्याची जी क्रेझ झाली ती अजून उतरलेली नाही. झायलॉन-कार्बन म्हणजे झेडएलसी, ते एएलसीपेक्षा जास्त उसळतं आणि खिशालाही जास्त चावतं.

पण निवडताना फायबरच्या नावापेक्षा तो कुठे बसवलाय हे आधी बघायचं, हे दुकानदार शक्यतो सांगत नाहीत. फायबर बाहेरच्या थराच्या लगेच खाली असेल तर त्याला आउटर म्हणतात (विस्कारिया, टिमो बोल एएलसी), आणि गाभ्याला चिकटून असेल तर इनर (इनरफोर्स लेयर एएलसी, चीनच्या मा लाँगच्या नावाचं, डीएचएस कंपनीचं हरिकेन लाँग ५). आउटरमध्ये हलका टच केला तरी कार्बन लगेच बोलतो. इनरमध्ये हळू बॉलला वरचं लाकूडच लागतं, म्हणून पुश (हळू ढकललेला बॉल), ड्रॉप (नेटजवळ टाकलेला बॉल) आणि सर्व्हिस रिसीव्ह हातात राहतात आणि जोरात लूप (बॉल पुढे फिरवणारा फटका) ओढला की मगच आतला कार्बन जागा होतो. एकच फायबर, तेवढीच जाडी, फक्त जागा बदलली तर दोन वेगळ्या बॅटी वाटतात.

वेगाची ही हाव जुनी आहे आणि तिचा एक मोठा टप्पा आपल्या मुंबईत घडला. १९५२ ची जागतिक स्पर्धा मुंबईत झाली, आशियातली पहिलीच, आणि तिथे जपानच्या हिरोजी सातोहने जाड स्पंजची बॅट आणून भल्याभल्यांना गार केलं, कारण बॅटचा आवाजच येईना आणि बॉल कधी येतो ते कळेना. पुढे नियमाने स्पंजला आवर घातला, आज रबर आणि स्पंज गोंद धरून ४ मिमीच्या आत लागतं. नंतर २००० मध्ये बॉल ३८ चा ४० मिमी झाला, २००८ मध्ये स्पीड ग्लू (रबराची उसळी वाढवणारा गोंद) बंद झाला, २०१४ पासून सेल्युलॉइड जाऊन प्लास्टिकचा बॉल आला आणि प्रत्येक वेळी वेग किंवा स्पिन थोडी थोडी कमी होत गेली. ती भरून काढायला खेळाडूंनी उसळणारी रबरं आणि फायबरची ब्लेड जवळ केली. तरी नुसत्या लाकडाला कमी समजू नये, १९९६ च्या ऑलिंपिकचा सिंगल्स विजेता, चीनचा लिऊ गुओलियांग स्टिगाच्या क्लिपरवर खेळायचा आणि ते सात थरांचं निव्वळ लाकूड आहे.

कोणी घ्यावं? ज्याचा फोरहँड टॉपस्पिन (पुढे फिरणारा फटका) बॅकस्पिनवर (उलट्या फिरकीच्या बॉलवर) दहापैकी सात-आठ वेळा टेबलवर पडतो, ज्याचं फूटवर्क बॉलपर्यंत पोचतं, त्याने इनर एएलसीपासून सुरुवात करावी, आणि टेबलाजवळ राहून लवकर बॉल घेणारा, ब्लॉक (बॅट नुसती आड धरून बॉल परतवणं) आणि काउंटरवर पॉइंट काढणारा असेल तर आउटर. बाकीच्यांनी पाच थरांचं लाकूड. कारण फास्ट ब्लेड हातात आलं की बॉल बाहेर जायला लागतो, मग पोरगं नकळत हात आखडतं, स्विंग अर्ध्यावर थांबवतं, ब्रश करायच्या (बॉल घासून फिरवायच्या) ऐवजी नुसतं ठोकतं, आणि वर्षभराने अटॅकर म्हणून आलेला मुलगा ब्लॉकर होऊन बसतो. पाकिटावरच्या ऑल (ऑलराउंड), ऑफ (ऑफेन्सिव्ह) मायनस, ऑफ प्लस या वेगाच्या खुणांवर फार जाऊ नये, तो प्रत्येक कंपनीचा आपापला हिशोब असतो, एकीचं ऑफ दुसरीच्या ऑफ प्लसला भारी पडू शकतं.

रबर आणि ब्लेड जोडीने बघायचं असतं. हरिकेन ३ सारखं चिकट, कडक चायनीज रबर स्वतः फारसं उसळत नाही, त्याला आउटर चालतं, उलट टेनर्जीसारखं स्प्रिंगवालं रबर दोन्ही बाजूंना आणि वर आउटर कार्बन म्हणजे साधा पुश करायलाही हिंमत लागते. वजनाचंही तसंच. ब्लेड साधारण ८५ ते ९० ग्रॅमचं, दोन रबरं लावून बॅट १८०-१९० ग्रॅमपर्यंत जाते आणि चायनीज रबर जड असल्याने त्याच्याही पुढे. मनगट दुखणाऱ्याने किंवा बारा-तेरा वर्षांच्या मुलाने हलकंच घ्यावं, दहा ग्रॅम तराजूवर काहीच नाही पण तिसऱ्या गेममध्ये बॅकहँडला समजतात.

एकाच मॉडेलचे दोन पीससुद्धा सारखे नसतात, कारण शेवटी लाकूड आहे. वजन वेगळं, ताठपणा वेगळा. दुकानात बोटाने टिचकी मारून बघतात, आवाज जितका बारीक आणि टणक तितकं ब्लेड ताठ, काहीजण मोबाइलच्या ॲपवर तो आवाज मोजतातही. मोठे खेळाडू म्हणूनच एक मुख्य आणि एक स्पेअर असं जपून निवडतात. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये मिक्स्ड डबल्सचं गोल्ड जिंकल्यावर चीनच्या वांग चुचिनची बॅट फोटोग्राफरच्या गर्दीत पायाखाली येऊन मोडली, दुसऱ्या दिवशी तो स्पेअर बॅट घेऊन सिंगल्स खेळला आणि स्वीडनच्या ट्रुल्स मोरेगार्डकडून हरला. स्पेअरमुळेच हरला असं कोणी ठामपणे म्हणू शकत नाही, पण मोरेगार्डच्या हातात तेच षटकोनी ब्लेड होतं आणि तो थेट सिल्व्हरपर्यंत गेला.

नावाजलेल्या मॉडेलच्या नकला भरपूर मिळतात, अर्ध्या किमतीत विस्कारिया दिसलं की समजून जायचं. कोकण किनारपट्टीच्या पावसाळ्यात लाकूड दमट होतं, वजन वाढतं आणि फील बसका होतो, म्हणून बॅट झिपवाल्या केसमध्ये ठेवतात आणि कडेला टेप लावतात. रबर बदलताना कोटोचे तुसे निघतात, तेव्हा नवीन ब्लेडला आधी सीलरचा (लाकडावरच्या वार्निशचा) अगदी पातळ हात मारावा (जाड मारला तर फीलच बदलतो), आणि जुनं रबर काढताना सरळ वर न उपटता लाकडाच्या रेषांच्या दिशेने सावकाश सोलावं.